मिलिंद दादाची डोकेदुखी मी लपवली

मिलिंद दादा ज्या सकाळी कोसळला, त्या सकाळी त्याच्या फॉर्मवर "डोकेदुखी नाही" अशी टिक मी केली होती.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. हात जोडलेले इमोजी टाकू नका. आधी वाचा.

आम्ही गुरुग्रामला टॉवरच्या काचा पुसतो. दोरीवर लटकून. तो यवतमाळचा, मी वाशिमचा. इतक्या लांब आल्यावर तेवढं नातं पुरतं. रूम एक, साईट एक, जोडी एक.

दोरीवर जायच्या आधी जोडीदाराने जोडीदाराला तपासायचं, असा नियम आहे. बेल्ट, हेल्मेट, कडी. मग विचारायचं, चक्कर? ताप? डोकेदुखी? टिक आपण करायची, खाली सही आपली.

"हो" वर टिक पडली की माणूस दिवसभर खाली, बादल्या भरत. असं तीनदा झालं की साईटवरून बाहेर.

म्हणून कोणी कोणाला विचारत नाही. चहा पिता पिता सगळे "नाही, नाही, नाही" करून मोकळे.
सेफ्टीवाल्या साहेबालाही माहीत आहे. त्याला फॉर्म भरलेला लागतो, माणूस कसा का असेना.

दादाच्या डोळ्यासमोर आधी चमकायचं. वाकडीतिकडी रेघ, कडेला सुरू व्हायची आणि पसरत जायची. त्यातून पलीकडचं अर्धं दिसायचं नाही. वीस-पंचवीस मिनिटांनी ते जायचं, मग डोक्याची एकच बाजू ठणकायची. उलटी व्हायची.

आम्ही म्हणायचो, काच लागली. दहा वाजता ऊन समोरच्या टॉवरवर पडतं आणि सगळं डोळ्यात येतं. आमच्यात सगळ्यांनाच थोडंफार चमकतं. गॉगल घाल, बाम लाव, चलो.

पण एका रविवारी तो रूमवर होता. दार बंद, लाईट बंद, डोळ्यावर ओला टॉवेल.
मी विचारलं, काय झालं?
म्हणाला, "आज सुट्टी आहे तरी काच मागे मागे आली बे."
मी हसलो.
इथे ना ऊन, ना काच, मग चमकतंय काय, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात आलं होतं. आलं होतं. मी गप्प बसलो. सोमवारी टिक केली.

कोसळला त्या सकाळी टिक करून आम्ही अजून खालीच होतो. हेल्मेटचा पट्टा त्याला लावता येईना. उजवा हात नुसता लोंबत होता. बोलायला गेला तर शब्द लोळागोळा.
आम्ही काय केलं? सावलीत निजवलं. बाम चोळला.
त्याचं ते वीस मिनिटांत जातं ना. म्हणून थांबलो. वीस मिनिटं झाली, मग अजून थोडं थांबलो.
हॉस्पिटलला नेलं तेव्हा उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी गेला.

डॉक्टर म्हणाले स्ट्रोक. आधी काही त्रास होता का, विचारलं. त्यांना मी सगळं खरं सांगितलं, कारण तिथे ओळखीचं कोणी नव्हतं.
म्हणाले, असं चमकून येणारी डोकेदुखी म्हणजे मायग्रेनचा एक प्रकार. त्याचा आणि स्ट्रोकचा संबंध रिसर्चमध्ये दिसलेला आहे. प्रत्येकाला स्ट्रोक येतो असं नाही, बहुतेकांना येत नाही. पण धोका वाढतो. वर बिडी असेल, बीपी असेल तर आणखी. असलं मायग्रेन घराण्यातही चालतं.

मी भडकलो. तुम्हाला एवढं माहीत आहे तर आम्हाला का नाही सांगत?
ते शांतपणे म्हणाले, "आपने किसी को बताया था?"
अजून राग आहे मला त्या माणसाचा.

मग अंत्यविधीला दादाच्या गावी, घर माणसांनी भरलेलं, आणि रंजना वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, "भाऊजी, यांचं डोकं दुखायचं का हो तिकडे?"
मी म्हणालो, नाही वहिनी. कधीच नाही.
कंपनीकडे माझ्या सहीचे फॉर्म होते. मी घाबरलो. बस.

गेल्या आठवड्यात वहिनीचा सहज फोन आला. साक्षी, दादाची पोरगी, नववीत आहे. डोकं दुखतं म्हणते, आधी डोळ्यासमोर लुकलुकतं म्हणते. शाळेच्या मॅडम म्हणाल्या मोबाईल जास्त झाला. वहिनीने मोबाईल काढून घेतला, चष्मा आणला आणि वर दोन धपाटेही दिले.

मी हूं हूं करत ऐकलं. फोन ठेवला. चार दिवस काढले. चार दिवस, लाज वाटते लिहायला.

आज सकाळी फोन करून सांगितलं. सगळं.
वहिनीने शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन कट.

तासाभराने तिचाच आला.
"डॉक्टरला दाखवायला यांना काय काय व्हायचं ते लिहून द्या. आणि सगळ्यांना दिसेल असं लिहा. खोटं सगळ्यांसमोर बोलला होतात."

म्हणून हे लिहिलं. घाबरून पोरीच्या जिवाला घोर लावू नका. तिला काही होईलच असं नाही. पण बापाचं हे होतं, हे तिच्या डॉक्टरला कळलं पाहिजे. सोमवारी नेणार आहेत.

आणि ज्यांच्याकडे कोणाचा हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, त्यांनी आमच्यासारखं बाम चोळत बसू नका. गाडी काढा.

कमेंटमध्ये मला "तुझी चूक नाही भावा" लिहाल तर ब्लॉक करीन.

दादा, माफी वहिनीकडे मागितली. तिने दिली नाही. बरोबर केलं.

जयभीम, दादा. जा आता.