सोवळ्यातला स्टोव्ह

माझ्याजवळ एक पितळी स्टोव्ह आहे. पाय दुमडले की पत्र्याच्या लहान डब्यात मावणारा. त्याला वात नाही. पंप मारला की तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते आणि निळी ज्योत धरते. असे स्टोव्ह पूर्वी सैनिक आणि डोंगर चढणारे साहेब पाठीवर वागवीत. देहूरोडला लष्करी सामानाच्या लिलावात तो वडिलांना मिळाला. त्यांनी चिंच आणि राखेने घासून तो सोवळ्यात घेतला. तेव्हापासून आंदर मावळातील आमच्या देवीच्या ठाण्यावर वर्षातून एकदा त्यावर नैवेद्याचा भात शिजतो. दुसरे काहीही नाही.

यंदा पंपाचे वायसर वाळले, म्हणून तो लोणावळ्याच्या बाजारात दुरुस्तीला दिला. परत आला तो झगझगीत. वाकडा पाय सरळ, काजळी नाहीशी. बंगल्यांत शोभेला मांडण्यासाठी अशा जुन्या वस्तू हल्ली शोधून नेतात. माझा स्टोव्ह विकून दुसराच हाती दिला असावा, असे मनाने घेतले. परका स्टोव्ह देवीपुढे कसा न्यावा?

पत्नी म्हणाली, "देवीकडेसुद्धा इतकं निरखून पाहिलं नसेल तुम्ही."

मी स्टोव्ह घेऊन दुकानात गेलो. कारागिराने स्टोव्ह उलटा केला. "हा बुडाचा डाख माझ्या चुलत्यानं दिलेला. वळखीचा हाय ना?"

झाळलेला तो जोड ओळखीचाच होता. पण आता, ज्यावर पातेले टेकते त्या कड्यावरचा तांबूस ओघळ दिसला.

"हे काय?"

"चहा उतू गेला, गुरुजी. चहा उकळल्याबिगर हितनं स्टो भायेर जात न्हाई."

"केवळ चहा?"

"अंडं केलं असतं, तर तुमाला सांगितलं असतं व्हय?"

शेजारचे दुकानदार हसले. मला हसू आले नाही.

अग्नी स्वतः शुद्ध असतो, हे मी आयुष्यभर शिकवीत आलो. कड्याविषयी तशी खात्री देववेना. नैवेद्याच्या दिवशी ठाण्यावर कडे काढून ठेवले, भोवती तीन धुतलेले दगड मांडले आणि पातेले त्यांवर चढवले. भाताला चहाचा वास येतो का, हे पाहावेसे फार वाटले. परंतु नैवेद्यापूर्वी अन्न हुंगायचे नसते. मी तोंड फिरवून बसलो. नैवेद्य दाखवल्यावर पहिला घास मीच घेतला. वास भाताचाच होता. तरी यापुढे स्टोव्ह दुरुस्तीला दिला, की काम होईपर्यंत मी दुकानातच बसणार आहे.