नन्नाचा पाढा

माझा धाकटा मामा सुतार. हात सफाईदार, पण बोलताना अडखळतो आणि 'न' आला की घोडं पेंड खातं. त्यामुळे त्याला 'नाही' म्हणता येत नाही. 'हो' मात्र सुरळीत येतं. मग काय, फुकट्यांचं फावलं. कुणाची डुगडुगती खुर्ची, कुणाचं घासणारं दार, सगळ्याला हो. लोक त्याला 'होमामा' म्हणत. मला ते नाव कधीच आवडलं नाही.

त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि लगोलग थोरल्या मामांचा निरोप आला. रविवारी येतोय, पोरीला आमच्या कापडदुकानात बसवायचं ठरवलंय. घरात थोरल्यांचा शब्द शेवटचा.

"मी बोलून ते ऐकायचे नाहीत," मामी म्हणाली. "तुम्हीच नाही म्हणा. या वेळी हो म्हणालात, तर पोरीचं शिक्षण संपलं म्हणून समजा."

मामा दुसऱ्या दिवशीच सरावाला लागला. सकाळी फळीवर रंधा मारायचा आणि प्रत्येक हाताला म्हणायचा, "नाही. नाही. नाही." त्या लयीत शब्द सुटायचा.

"झाला सुरू नन्नाचा पाढा!" मामी आतून ओरडायची.

रंधा खाली ठेवला की मात्र जीभ पुन्हा अडायची. एकदा शेजारीण मोडकं स्टूल घेऊन आली. मामाने तोंड उघडलं, घामाघूम झाला आणि शेवटी म्हणाला, "ठेवा." मला रडूच आलं. सकाळी बघते तर हा पुन्हा रंधा घेऊन उभा.

रविवारी थोरले मामा आले. पाणी पिऊन थेट मुद्द्यावर.

"पोरगी उद्यापासून दुकानात. काय?"

"न... न..." मामाची मान ताठली.

"नक्की ना? झालं तर!" थोरल्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि उठून चपला शोधायला लागले.

माझं डोकंच सणकलं. मुलगी दारात पांढरीफटक. मामी पुढे सरसावली, तर मामाने हात आडवा केला. त्याचा उजवा हात मांडीवर मागे-पुढे फिरत होता, समोर फळी असल्यासारखा.

"न... नाही. नाही, दादा. ती शि... शिकायला जाणार."

थोरले एक चप्पल घालून थबकले. "अरे, आत्ताच नक्की म्हणालास ना!"

"मी नाही, तू म्हणालास. लहानपणापासून माझं बोलणं तूच पुरं करतोस, दादा. मला काय म्हणायचं होतं, ते कधी थांबून ऐकलंस का?"

इतकं लांब बोलणं आम्ही त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मध्ये तो चार ठिकाणी अडला, पण कुणीही शब्द पुरवला नाही.

थोरल्यांनी पायातली चप्पल काढली आणि परत येऊन खाली बसले.

"बरं," ते म्हणाले. "बोल. मी थांबतो."