वाळवीनं खाल्लेला शेवट

गिरडच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा दर्ग्याच्या टेकडीखाली एका म्हातारा-म्हातारीचं कबाबाचं दुकान होतं. सगळे त्यांना चाचा-चाची म्हणत. शनिवारी शाळा सकाळची असे. सुटली की मी तिथे जेवायला जाई.

चाची बुऱ्हाणपूरकडच्या. मटणाचा खिमा आणि चण्याची डाळ एकत्र शिजवून पाट्यावर वाटायची, टिकिया थापून तव्यावर परतायच्या, ही त्यांच्या माहेरची रीत. चाचा शाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली होती. ते बाकावर बसून गिऱ्हाइकांना एक परदेशी कादंबरी सांगत. शाळेच्या रद्दीत सापडलेला तिचा मराठी अनुवाद त्यांनी डोळे होते तोवर इतक्यांदा वाचला होता, की ती प्रकरणांसकट तोंडपाठ होती. लढाईवर गेलेला नवरा, वाट पाहणारी बायको. शेवटी तो परत येतो आणि दोघं दारातच चहा पीत बसतात.

परदेशी कादंबरीत दारातला चहा ऐकून मला शंका आली. विचारलं तर चाचा हसले.

"शेवटची पानं वाळवीनं खाल्ली होती, मॅडम. तो शेवट मी केला. खरा काय होता, कोनाले मालूम?"

वर्ध्याच्या एका जुन्या वाचनालयात मला ते पुस्तक अखंड मिळालं. बसमध्येच शेवट वाचला आणि वाटलं, उगाच शोधलं. नवरा परत येतो, पण घराला कुलूप असतं. बायको दूरच्या गावी शिकवायला निघून गेलेली. तो पत्ता न विचारताच माघारी वळतो.

पुढच्या शनिवारी मी ते पिशवीतून काढलंच नाही. पण चाचींनी पाहिलं.

"तेच पुस्तक हाये ना? मग काऊन लपवून राह्यल्या?"

मी शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं. कुलपाशी आल्यावर थांबले.

"वाचा ना, थांबू नोका," चाचा म्हणाले.

संपल्यावर मी पुस्तक मिटलं. मला अपराध्यासारखं वाटत होतं.

"पत्ता तरी विचाराचा होता त्यानं," चाचा म्हणाले. "मी इतके वर्ष लोकायले खोटं सांगत होतो म्हना."

चाचींनी तव्यावरची टिकिया उलटली. "माह्या मायच्या कबाबात लाल मिरची नव्हतीच. इथं लोक म्हनत, चाची, फिकं लागते. मंग टाकली. आता मी बनवतो ते खोटे कबाब हायेत का?"

चाचांनी आणखी एक टिकिया मागितली.

त्यानंतर ते दोन्ही शेवट सांगू लागले. आधी पुस्तकातला, मग स्वतःचा. दर्ग्यावर आलेली माणसं खाता खाता वाद घालत. कारंज्याचा एक ट्रकवाला म्हणाला, कुलूपवालाच खरा, घरी उशिरा पोचणाऱ्याचं असंच होतं. त्यावर एका बाईनं त्याला सुनावलं, "मंग लवकर जात जा ना घरी."

मी मात्र वर्गात 'लेखकाला काय म्हणायचे आहे' हा प्रश्न विचारताना अडखळू लागले. त्या प्रश्नाच्या आधी 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारायची सवय मला तिथूनच लागली.

बदली होईपर्यंतचे दोन हिवाळे मी चाचांना ती कादंबरी पहिल्या पानापासून वाचून दाखवली. पाठ असूनही त्यांना ती वाचलेलीच हवी असायची. एखादं वाक्य माझ्याकडून सुटलं, तर ते बोट वर करत आणि मी मागे जाऊन ते वाचत असे.