धुण्याच्या दगडावरची बाई

तिरुवल्लिकेणीत आमच्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, मोरीतला धुण्याचा दगड एवढा थोरला होता, की त्यावर हत्ती धुऊन निघाला असता. टँकर आला की आम्ही साठ सॉफ्टवेअरवाले ब्रह्मचारी त्यावर बनियन आपटायचो. गल्लीतल्या एका निवृत्त प्राध्यापकबाईंना त्याच्या कडेवर जुनी तमिळ अक्षरं दिसली आणि त्या दर रविवारी यायला लागल्या. सारी नोकरी त्यांनी शिलालेखांतून हजार वर्षांपूर्वीच्या बायका शोधण्यात घालवली होती. ओल्यात फतकल मारून, डोळे मिटून त्या बोटांनी वाचायच्या. मध्येच बनियन आपटणाऱ्याला धाकटा भाऊ समजून तंजावरी मराठीत दटावायच्या, "हळू रे तंबी, बाईमाणूस आहे ती!"

एका रविवारी लेख वाचून संपला. कुणा बाईने देवळाला नंदादीप दिला होता. तिच्या बापाचं नाव शाबूत होतं, नवऱ्याचं होतं, गावाचंही होतं. तिचं नाव जिथे असणार, तिथे आमच्या बनियनांनी दगड आरशासारखा गुळगुळीत केला होता.

बाई बराच वेळ तिथेच बोट फिरवत राहिल्या.

"द्या एखादं नाव ठोकून," मी म्हणालो. "कोण बघतंय?"

"मी बघते ना," म्हणत त्यांनी वहीत तेवढी जागा मोकळी सोडली.

जन्मभर थापा मारल्या मी. त्या जागेवर बसेल अशी एकही सुचत नाही.