लाल लोकर, हिरवी लोकर

शाळेच्या स्टाफरूममध्ये मी अठ्ठावीस वर्षं काढली. तिथे जमले नसतील इतके किस्से आमच्या इमारतीच्या गच्चीवर चार वर्षांत जमले. कारण साधं आहे. शाळेत माणसं कामाला येतात, गच्चीवर सल्ला द्यायला येतात.

पुण्यात धायरीतल्या आमच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी चौघं भेटतात. कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर बापट. पोकळे अण्णा, ज्यांच्या शेतावर ही इमारत उभी आहे आणि जे ही गोष्ट आम्हाला विसरू देत नाहीत. कसबा पेठेत ज्यांचं लोकरीचं दुकान आहे त्या शेख भाभी. चौथी माझी बायको शुभदा असायची. आता मी असतो. मला झाडांतलं काही कळत नाही. ती गेली, तिच्या कुंड्या माझ्याकडे आल्या आणि कुंड्यांबरोबर हे तिघं.

*

हिमाचलच्या सहलीहून लोक शाली आणतात. शुभदाने किवीची दोन रोपं आणली. परतीच्या प्रवासात खिडकीची जागा रोपांना मिळाली.

घरी येताच तिने ती दोन ड्रममध्ये लावली. एकाला लाल लोकर बांधली, दुसऱ्याला हिरवी. मी शेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होतो.

"ऐक नीट," ती म्हणाली. "यातला एक नर आहे, एक मादी. दोन्ही जगली तरच फळ धरतं. लाल म्हणजे..."

"हं," मी म्हणालो.

पुढचं मी ऐकलं नाही. पेपरात काय होतं तेही आता आठवत नाही.

पुढच्या पावसाळ्यात ती आजारी पडली आणि दिवाळीच्या आत गेली.

*

तेरावा होऊन आठवडा झाला होता. मी पहिल्यांदाच एकटा गच्चीवर गेलो. तिघं आधीच येऊन बसले होते. मग काहीतरी विचारायचं म्हणून बापटांनी विचारलं, "अहो सर, यातला नर कुठला?"

बायको सांगत होती तेव्हा माझं लक्ष नव्हतं, हे त्या दिवशी माझ्याने सांगवेना. उत्तर येत नसलं की आवाज चढवायचा, ही आम्हा शिक्षकांची जुनी सवय.

"हिरवी लोकर नर. लाल मादी."

बापटांनी दुसऱ्या दिवशी ऑइलपेंटने ड्रमवर तसं लिहून टाकलं. शेख भाभींनी ती अक्षरं वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अच्छा."

*

पोकळे अण्णांच्या मेहुण्याची तासगावला द्राक्षबाग आहे. त्यामुळे अण्णांच्या मते जगातला प्रत्येक वेल ही द्राक्षाचीच वेल असते. मांडव त्यांनीच घातला, उत्तम घातला. पण ऑक्टोबरात एका सकाळी वर जाऊन पाहतो तर दोन्ही वेलींचे बुंधे तेवढे उरलेले.

"अण्णा, हे काय केलंत?"

"ऑक्टोबर छाटणी. आता बघा मास्तर, कसा घड लागतोय."

"अण्णा, ही किवी आहे. बापट सांगत होते, हिला फूल येतं ते गेल्या वर्षीच्या काड्यांवरच्या फुटव्यांना."

अण्णांनी शांतपणे कात्री पुसली. "मग काड्या हायेत की. त्या बघा कोपऱ्यात."

कोपऱ्यात मोळी बांधून ठेवली होती.

*

बापटांनी वाचलं की किवीला थंडी लागते. सात अंशांच्या खालचे कित्येक तास मिळाल्याशिवाय ती फुलायचं नाव घेत नाही. त्यांनी गच्चीवर थर्मामीटर टांगला आणि हिवाळाभर वहीत नोंदी ठेवल्या. जानेवारी संपल्यावर मी विचारलं, "किती तास झाले?"

"चार. त्यातला एक शंकास्पद."

पुढच्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाच्या लाद्या आणल्या. पोत्यात गुंडाळून रोज सकाळी ड्रममध्ये बुंध्याभोवती रचायच्या. दोन दिवसांत धायरीतली यच्चयावत मांजरं गच्चीवर हजर. ड्रममध्ये लोळताहेत, बुंध्यांना अंग घासताहेत, मुळं उकरताहेत.

"बापट, बर्फ कुठून आणलात?"

"मासळीबाजारातून. स्वस्त पडतो."

बर्फ बंद केला. मांजरं येतच राहिली. मग बापटांनी आणखी वाचलं आणि कळलं की किवीच्या मुळांच्या वासानेच मांजरांना झिंग चढते, बांगड्याचा काही संबंध नाही. त्यांनी जिन्यात पाटी लावली: 'गच्चीचे दार लावून घ्यावे.' खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं: 'मांजरांना वाचता येत असल्यास त्यांनीही.'

*

त्यानंतरच्या उन्हाळ्यात लाल लोकरीच्या वेलीची पानं पिवळी पडायला लागली. मी एका पानाचा फोटो बागकामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तासाभरात निदानं आली: लोह कमी, लोह जास्त, ऊन लागलं, ऊन कमी पडतंय, कुणाची तरी नजर. एका बाईंनी फक्त हात जोडले.

पाणी कमी पडत असेल म्हणून मी तिला आणखी एक बादली घालायला लागलो. पानं आणखी पिवळी.

एकदा सहाच्या आधी जाग आली म्हणून लवकर वर गेलो. बापट झारी घेऊन उभे.

"तुम्ही?"

"हिला रोज घालतो थोडं. म्हटलं, तुमच्याकडून राहून जात असेल."

तेवढ्यात मागून भाभी बादली घेऊन आल्या. आम्हाला पाहून जिन्यातच थांबल्या. मागोमाग अण्णाही वर आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "म्या सांजच्याला घालतो. मास्तर एकटं माणूस, त्यांच्या काय ध्यानात ऱ्हातंय?"

म्हणजे चार माणसं, चार बादल्या, एक ड्रम. मला फार राग आला. खाली येऊन चहा केला, तेव्हा लक्षात आलं की चार कप केलाय. परत वर घेऊन गेलो.

लाल लोकरीची वेल काही वाचली नाही. मुळं सडली होती. अण्णांनी ती उपटून काढली. बापट म्हणाले, "मादी गेली. आता नुसता नर ठेवून काय उपयोग?"

मी लोकरीचा तुकडा सोडवून खिशात घातला. गेली ती कोण होती, हे मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

*

यंदा थंडी बरी पडली. बापटांच्या वहीत तासांचा आकडा पहिल्यांदाच दोन अंकी झाला. अण्णांची कात्री मी ऑक्टोबरपासून कुलपात ठेवली होती. मार्चच्या एका रविवारी हिरव्या लोकरीच्या वेलीला फूल आलं. एकच. दुधी रंगाचं, मान खाली घातलेलं.

बापट भिंग घेऊन आले. बराच वेळ पाहत होते. मग चष्मा काढला, पुसला, परत पाहिलं.

"अहो सर, मधोमध पांढऱ्या तंतूंचा झुबका आहे. नराच्या फुलात हा नसतो. ही तर मादी आहे!"

"मग ती मेलेली?" अण्णांनी विचारलं.

"तो नर असणार."

"आन् ड्रमावर उलटं कोनी लिवलं?"

"सरांनी सांगितलं तसं लिहिलं."

तिघंही माझ्याकडे पाहायला लागले. खरं म्हणजे दोघंच. शेख भाभी फुलाकडे पाहत होत्या.

"लोकर माझ्याच दुकानातली," त्या म्हणाल्या. "लाल नर, हिरवी मादी. शुभदाताईंनी मला तेव्हाच सांगितलं होतं."

"मग भाभी, इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"त्यांनीच बजावलं होतं. म्हणाल्या, मी सांगत होते तेव्हा हे पेपर वाचत होते. कुणी विचारलं तर ठासून उलटं सांगतील. चारचौघांत सुधारू नका, फूल आलं की त्यांचं त्यांना कळेल."

भाभींनी माझ्याकडे पाहिलं. "सर, ऐकताय ना?"

"हं," मी म्हणालो.