भाऊरावचं खरं नाव

सिंदी मेघेतल्या शकुंतलाबाई शाळेतून निवृत्त झाल्या आणि त्यांनी गच्चीवर वांगी-टमाटे लावायला घेतले. त्यासाठी दिराच्या आंजी गावच्या शेतातून पोतंभर माती आली. पोतं रिकामं करताना मातीबरोबर तळहाताएवढा, केसाळ, तपकिरी कोळी बाहेर पडला आणि पुढचे पाय उभारून त्यांच्यासमोर ठाकला. तोंडापाशी त्यानं फुस्स असा आवाजही केला.

प्रभाकररावांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, पायातली चप्पल काढली.

“खबरदार!” बाई ओरडल्या. सातवीचा अख्खा वर्ग ज्या आवाजानं गप्प बसायचा, तोच हा आवाज. चप्पल निमूटपणे पायात गेली आणि बाईंनी कोळ्यावर बादली पालथी घातली.

मासे ठेवायची जुनी काचेची पेटी माळ्यावर होती. तिच्यात माती भरून, वर जाळीचं झाकण लावून कोळ्याची सोय झाली. रोज गच्चीतला एखादा नाकतोडा त्याला मिळू लागला. बाईंनी त्याचं नाव भाऊराव ठेवलं, पण ते घरातलं झालं. खरं नाव कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना. वर्गात नवं पोर आलं की आधी त्याचं पूर्ण नाव, गाव विचारायची सवय होती. इथं तर सोबत राहणाऱ्याची जातही ठाऊक नाही!

त्यांनी फोटो काढून मोबाइलवरच्या ग्रुपांत टाकले. कुणी म्हणालं ब्राझीलचा आहे, कुणी म्हणालं चावला की माणूस जागीच खलास. प्रभाकररावांनी नेमकं तेवढंच वाचलं.

“अवं शकू, काऊन जीव धोक्यात घालून राह्यली? सोडून दे त्याले नाल्यात.”

“त्यानं तुमाले काही केलं काय आजवर?”

“नाई. पण पाह्यते ना तो माह्याकडे!”

शेवटी ओळखीतून नमिताचा नंबर मिळाला. ती अमरावतीला कोळ्यांवर संशोधन करायची. “काकू, टॅरेंटुला, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांपैकी आहे हे नक्की,” ती म्हणाली, “पण फोटोवरून जात सांगता येत नाही. सगळे तपकिरी सारखेच दिसतात. त्याला मारायचं तर नाहीच. कात टाकली की ती जपून ठेवा. तिच्यावरून कळेल.”

मग वाट पाहणं सुरू झालं. थंडी सरली. भाऊरावनं खाणं सोडलं, पेटीतल्या मातीत केलेल्या बिळातून बाहेर येणं सोडलं. बाई दिवसातून कितीदा तरी काचेला नाक लावून बसायच्या.

एका दुपारी त्या गच्चीवर पाणी घालत असताना प्रभाकरराव जिना चढून आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“शकू, भाऊराव गेला वाट्टे. उताणा पडला हाय.” मग जरा थांबून म्हणाले, “कढीपत्त्याखाली खड्डा करून ठेवला मी. तू खाली येजो.”

बाईंच्या हातातली झारी खाली पडली. डोळे पुसतच त्यांनी नमिताला फोन लावला. ती पलीकडून ओरडलीच, “हात लावू नका! मेलेला कोळी पाय पोटाशी आखडून घेतो. उताणा झालाय म्हणजे कात टाकतोय!”

दोघं पेटीपाशी जाऊन बसले. प्रभाकररावांनी उठून पंखा बंद केला, वाऱ्यानं त्रास नको म्हणून. हळूहळू पाठीवरचं ढालीसारखं कवच उघडलं आणि जुन्या अंगातून ओला, फिकट कोळी एकेक पाय सोडवत बाहेर आला. शेवटचा पाय अडकला तेव्हा प्रभाकरराव पुटपुटले, “लाव, लाव जोर, बाप्पा!”

कात स्टीलच्या डब्यात, कापसावर ठेवून दोघं बसनं अमरावतीला गेले. डबा प्रभाकररावांनी मांडीवरून हलवला नाही.

नमितानं कात पाण्यात मऊ केली, पोटाकडचा भाग अलगद उलगडला आणि मायक्रोस्कोपखाली धरला. पाहता पाहता ती हसायला लागली.

“काकू, हा भाऊराव नाही. बाई आहे ही!”

मादीच्या पोटातल्या दोन इवल्या पिशव्यांचं, कातीबरोबरच गळालेलं अस्तर तिनं दोघांना दाखवलं. त्यांच्या आकारावरून जात ठरवायला मदत होते. मग जबड्यालगतचे बारीक काटे दाखवले. ते एकमेकांवर घासून ती फुस्स आवाज काढायची. पोटावरचे वाघासारखे पट्टेही जुळले. “चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस,” नमिता म्हणाली. “आपल्याच देशातली.”

बाईंनी ते नाव तीनदा घोकलं. प्रभाकररावांना एकदाही जमलं नाही.

“आता तिला तिच्या मातीत सोडा, काकू,” दोघं निघताना नमिता म्हणाली. “अजून बरीच वर्षं जगेल ती.”

नवं अंग टणक होईस्तोवर बाईंनी तिला ठेवलं, पोटभर खाऊ घातलं आणि मग आंजीच्या शेतात, माती जिथून आणली होती त्याच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पेटी आडवी केली. पेटीच्या काठावर ती बराच वेळ थांबली, नंतर झपकन दगडांच्या फटीत शिरली. बाईंना हुंदका आवरेना. प्रभाकररावांनी त्यांना पाण्याची बाटली दिली आणि भावाला बजावलं, “इकडे नांगर घालायचा नाई, सांगून ठेवतो.”

पुढच्या खेपेला त्या फटीच्या तोंडाशी पांढऱ्या रेशमाची जाळी पसरलेली दिसली. ती आधी दिसली प्रभाकररावांनाच. गुडघे दुखत असतानाही ते तिथं ओणवे झाले होते.

“हाय, हाय! घर केलं तिनं,” ते म्हणाले आणि बाईंना बसायला जागा देत बाजूला सरकले.