सांडूमामांचा फ्रीझर

आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई सांडूमामा फुलंब्रीहून रोज पहिल्या एसटीनं येतात. एकोणतीस वर्षांत त्यांच्या हातून काचेचं एक भांडं फुटलेलं नाही. निवृत्तीला चार महिने उरले होते. मी मात्र तापट माणूस. आधी बोलतो, मग विचार करतो.

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी माझी विद्यार्थिनी दिपाली पांढरीफटक होऊन समोर उभी राहिली. नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं एक प्रथिन ती तीन वर्षं कर्करोगाच्या गाठींत मोजत होती. ते प्रथिन धरणारी तिची अँटीबॉडी खरी की खोटी, याची एक परीक्षा असते. त्याच प्रथिनाचा छोटा तुकडा, म्हणजे पेप्टाइड, अँटीबॉडीला आधीच द्यायचा. पोराच्या दोन्ही हातांत लाडू दिले की ते ताटाला हात लावत नाही, तसंच. मग अँटीबॉडीनं प्रथिन धरल्यावर फिल्मवर उमटणारी काळी पट्टी नाहीशी झाली पाहिजे. दिपालीची पट्टी दोनदा करूनही जशीच्या तशी होती.

म्हणजे अँटीबॉडी भलत्यालाच धरत होती आणि तीन वर्षं पाण्यात गेली होती. मी तिला नको ते बोललो. छापायला गेलेला शोधनिबंध मागे घेतोय, असा ईमेल बाराच्या आत पाठव म्हणालो. ती टाइप करू लागली. सांडूमामा कधीचे दारात फडकं पिळत उभे होते. काय काम आहे, म्हणून मी खेकसलो.

"सर, नवमीला फ्रीझर मीच बंद केला व्हता," ते म्हणाले. "अवजारांची पूजा केली. त्या दिवशी औत जुंपत नाय, म्हणलं ह्यालाबी इसावा. दसरा झाल्यावर चालू केला."

अँटीबॉडी शेजारच्या फ्रीजमध्ये होती, ती वाचली. पेप्टाइड मात्र त्या बंद फ्रीझरमध्ये दोन दिवस उकाड्यात पडून होतं, म्हणजे तेच खराब झालं असणार. तोंडाशी आलेली शिवी मी कशीबशी गिळली आणि दिपालीला ईमेल थांबवायला सांगितलं.

पेप्टाइडची एक न उघडलेली कुपी दुसऱ्या विभागात होती. दिपालीनं नव्यानं प्रयोग लावला. दोन दिवस मामांनी जेवणाचा डबा उघडला नाही. तिसऱ्या दिवशी फिल्म उजेडात धरली. पट्टी नव्हती. दिपाली रडायला लागली; मलाही भरून आलं.

आधीचे प्रयोग का फसले, हे नोंदवहीत लिहायचं होतं. चार महिन्यांसाठी म्हाताऱ्यामागं चौकशी कशाला, म्हणून मी वीज गेल्याचं लिहिलं. मामांनी ते वाचलं.

"लाईट गेली नव्हती, सर," म्हणाले. माझ्याकडून पेन घेतला, ती ओळ खोडली आणि खाली सावकाश स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.